किरणांनी पेशीत काय मोडतं आणि सहा तासांत काय जुळतं

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या सबंध अंगावर एकदम चार ग्रे इतके गॅमा किरण पडले आणि त्याला कसलेच उपचार मिळाले नाहीत, तर दोन महिन्यांनी तो जिवंत असण्याची शक्यता साधारण निम्मी उरते. एका किलोत एक ज्यूल ऊर्जा जिरली की झाला एक ग्रे. म्हणजे त्याच्या अंगात एकूण २८० ज्यूल ऊर्जा गेली. २८० ज्यूल म्हणजे गरम चहाचा एक लहानसा घोट पोटात गेल्यावर अंगाला जेवढी ऊब मिळते तेवढी. तिच्यानं अंगाचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानं वाढतं, ताप मोजायच्या थर्मामीटरला ते कळणारही नाही. तरी माणूस दगावतो. कशानं?

मी विदर्भातल्या एका कॅन्सर रुग्णालयात रेडिओथेरपीच्या, म्हणजे किरणांनी उपचार करण्याच्या, मशीनवर काम करते. खेड्यांतून येणारे लोक या उपचाराला ‘लाईट घेणं’ म्हणतात, कुणी ‘शेक’ म्हणतात. शेक म्हटलं की भाजण्याची भीती आलीच, आणि त्या भीतीनं उपचार अर्ध्यावर सोडून गेलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून हे सगळं मुळापासून सांगावंसं वाटतं. किरणांचं काम उष्णतेनं होत नाही.

मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या उन्हात वखर हाणणाऱ्या माणसाच्या अंगावर २८० ज्यूल ऊर्जा पडायला एक-दोन सेकंद पुरतात. तो दिवसभर ती झेलतो, घाम गाळतो आणि संध्याकाळी घरी येतो. उष्माघाताचा धोका खराच, पण त्या उन्हानं त्याच्या हाडांच्या मगजात रक्त तयार होणं थांबत नाही. ऊर्जेची बेरीज किती झाली याला इथे फारसा अर्थ नाही. ती किती मोठ्या तुकड्यांत आली, ते महत्त्वाचं.

प्रकाश सलग वाहत येत नाही, सुट्या तुकड्यांत येतो, हे आइन्स्टाइननी १९०५ साली मांडलं. या तुकड्याला फोटॉन म्हणतात. एकेका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा फोटॉन दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. पाण्याच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उखडून काढायचा तर सुमारे साडेबारा लागतात. आता उन्हात फोटॉन कितीही असोत, दोन-तीनवाले पाच-सहा जण मिळून साडेबाराचं काम करत नाहीत. प्रत्येक जण आपापला येतो, रेणूला थोडा हलवतो, ऊब देतो आणि संपतो. ज्या किरणांचा एकटा फोटॉन किंवा एकटा कण इलेक्ट्रॉन उखडू शकतो, ते आयनीकरण करणारे किरण. इलेक्ट्रॉन गेला की मागे उरलेल्या अणूला किंवा रेणूला आयन म्हणतात, आणि त्याचं रासायनिक वागणं पार बदललेलं असतं.

गावात मोबाईलचा टॉवर उभा राहिला की ‘रेडिएशन’चा ओरडा होतो. टॉवरच्या लहरींचा फोटॉन एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एखाद-दुसऱ्या लाखांशाइतका असतो. त्यानं अणूतून इलेक्ट्रॉन उखडणं शक्य नाही. टॉवरच्या अगदी तोंडाशी उभं राहिलं तर अंग तापेल, एवढाच त्याचा हिशेब, आणि म्हणूनच तिथे कुंपण असतं. उन्हातल्या अतिनील किरणांची गोष्ट थोडी निराळी आहे: ते पाण्यातून इलेक्ट्रॉन काढत नाहीत, पण डीएनएमध्ये, म्हणजे पेशीच्या सूचना ज्या धाग्यावर रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात त्यात, शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात, आणि त्यातून कातडीचा कॅन्सर होऊ शकतो.

एक्स-रेचा फोटॉन असतो काही दहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा फोटॉन ११.७ लाख आणि १३.३ लाखांचे. असा एक फोटॉन शरीरात शिरला की बहुतेक वेळा कुठे तरी एका इलेक्ट्रॉनला जोराचा धक्का देतो. तो इलेक्ट्रॉन मग वाटेत येणाऱ्या रेणूंमधून आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातो. दर आयनामागे सरासरी तीसेक इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्च होतात. म्हणजे एका वेगवान इलेक्ट्रॉनच्या वाटेवर हजारो आयन तयार होतात, आणि वेग मंदावत आला की शेवटच्या टप्प्यात ते दाटीवाटीनं होतात. ही दाटी लक्षात ठेवावी, पुढे सगळं तिच्यावर येतं.

काही पदार्थांतून निघणारे अल्फा आणि बीटा हे फोटॉन नव्हेत, कण आहेत. बीटा म्हणजे इलेक्ट्रॉनच, अंगात काही मिलिमीटर जातो. अल्फा म्हणजे हेलियमच्या अणूचं केंद्रक. ते जड असतं, साधा कागद किंवा कातडीचा वरचा मृत थर त्याला अडवतो. मात्र श्वासातून किंवा अन्नातून अल्फा सोडणारा पदार्थ आत गेला तर तोच सर्वांत घातक, कारण त्याची सगळी ऊर्जा दोन-चार पेशींच्या आतच संपते.

आता पेशीत काय होतं ते पाहू.

पेशीत सत्तर टक्के पाणी. त्यामुळे किरणांचा मार बहुतेक पाण्यावरच बसतो. इलेक्ट्रॉन गमावलेला पाण्याचा रेणू मोडून त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अर्धवट रेणू तयार होतो. त्याला एक इलेक्ट्रॉन हवा असतो आणि तो शेजारी जे सापडेल त्यातून ओढून घेतो. पेशीच्या आत त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात तो काही नॅनोमीटर सरकतो. म्हणजे डीएनएच्या अगदी लगत तयार झाला तरच तो डीएनए बिघडवतो, लांबचा वाटेतच विझतो. एक्स-रे आणि गॅमा किरणांनी डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन तृतीयांश या आडवाटेनं होतं. उरलेलं थेट, म्हणजे धावता इलेक्ट्रॉन डीएनएवरच आदळून.

प्रथिनं मोडतात, चरबीचे रेणू बिघडतात, पण पेशी त्यांची पर्वा करत नाही. प्रथिनाच्या हजारो प्रती असतात, मोडली तर नवी करता येते. डीएनएचं तसं नाही. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब भरेल, तो ४६ गुणसूत्रांत गुंडाळलेला असतो आणि प्रत्येक सूचनेच्या जेमतेम दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. मघाचे २८० ज्यूल अंगाच्या कोट्यवधी पेशींत वाटले गेले, पण त्यातला जो हिस्सा या धाग्यांवर पडला त्यानंच घात केला.

एक ग्रे मात्रा मिळाली तर एका पेशीच्या केंद्रकात, म्हणजे डीएनए असतो त्या गाभ्यात, सुमारे एक लाख आयन तयार होतात. त्यातून डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच तुटलाय अशा जागा होतात हजाराच्या घरात. दोन्ही धागे समोरासमोर तुटले अशा जागा होतात वीस ते चाळीस. हजारापुढे चाळीस म्हणजे किरकोळ वाटेल. पण पेशीचं मरण-जगणं त्या चाळीसांवर ठरतं.

एकच धागा तुटला तर समोरचा शाबूत असतो. त्याच्याकडे बघून तुटलेला धागा भरून काढता येतो, काही मिनिटांत. हे काम पेशीला नवं नाही. कसलेच किरण नसतानाही प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए बिघडत असतो, नुसत्या अंगच्या उष्णतेनं आणि श्वासातल्या ऑक्सिजनच्या व्यवहारानं. ही दुरुस्ती कशी चालते ते उलगडल्याबद्दल थॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सान्जार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हे वाचल्यावर आजही थक्क व्हायला होतं: आपण झोपलेलो असताना अंगातल्या पेशीपेशीत ही डागडुजी चालू असते, आणि आपल्याला तिची जाणीवही नसते.

दोन्ही धागे एकाच जागी तुटले की मात्र बघून लिहायला काही उरत नाही. आणि मघाची दाटी इथे आडवी येते. इलेक्ट्रॉनच्या वाटेच्या शेवटी, किंवा अल्फा कणाच्या वाटेवर, एवढे आयन जवळजवळ होतात की दोन्ही धागे तर तुटतातच, शिवाय आजूबाजूची अक्षरंही बिघडतात. पेशी दोन उपाय करते. एक घाईचा: दोन तुटकी टोकं ओढून सरळ एकमेकांना जोडणं. यात अक्षरं गळतात, आणि कधी एका गुणसूत्राचं टोक भलत्याच गुणसूत्राला जोडलं जातं. दुसरा उपाय नेटका: तोच मजकूर असलेली दुसरी प्रत बघून भरणं. पण तशी ताजी प्रत जवळ असते ती पेशीनं विभाजनाआधी डीएनए दुप्पट केल्यानंतरच. यातल्या बऱ्याच जोडण्या पहिल्या तास-दोन तासांत होतात, आणि बहुतेक काम सहा तासांच्या आत उरकतं.

दुरुस्ती चालू असताना पेशी विभाजन थांबवून ठेवते. पी-५३ नावाचं प्रथिन यात पुढे असतं. नुकसान फार असेल तर तेच पेशीला स्वतःला संपवायला लावतं. काही पेशी तेव्हा मरत नाहीत, जुळवाजुळव करून पुढे जातात, आणि विभाजनाची वेळ आली की चुकीची जोडलेली गुणसूत्रं दोन्हीकडे नीट वाटली जात नाहीत, मग तिथे मरतात. किरणांनी मेलेल्या पेशी बहुतांश याच तऱ्हेनं मरतात. म्हणून किरण पडले त्या दिवशी डोळ्यांना काही दिसत नाही. ज्या पेशी भराभर विभाजतात त्यांचा परिणाम आधी दिसतो, ज्या सावकाश विभाजतात त्यांचा महिन्या-वर्षांनी.

आणि तिसरी शक्यता: पेशी मरत नाही, दुरुस्तही नीट होत नाही, चूक घेऊन जगते. अशा चुका वर्षानुवर्षं साचत जाऊन एखाद्या पेशीचा कॅन्सर होऊ शकतो. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या लोकांवर अनेक दशकं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यात रक्ताचा कॅन्सर पाच-दहा वर्षांत वाढला, गाठींचे कॅन्सर त्यानंतर कित्येक दशकं वाढीव राहिले. त्यांच्या नंतर जन्मलेल्या मुलांमध्ये मात्र आनुवंशिक आजारांची वाढ आढळलेली नाही.

भराभर विभाजणाऱ्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, हे फ्रान्सच्या बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी १९०६ सालीच नोंदवलं होतं. हाडांचा मगज, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, तोंडातली नाजूक त्वचा, शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी या पहिल्या रांगेत. स्नायू आणि मेंदूच्या पेशी खूप सोसतात. चार ग्रे झेललेला माणूस मरतो तो मगज बंद पडल्यामुळे: जुन्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट संपत जातात, नव्या येत नाहीत, मग जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. महिना-दोन महिने लागतात ते याच कारणानं.

आपल्या शेतीचा याच्याशी जवळचा संबंध आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. किरणांनी डीएनएमध्ये चुका होतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाशीवर दाखवलं. पुढे बियाणं पैदास करणाऱ्यांनी विचार केला, हजारो चुकांमध्ये एखादी कामाची निघाली तर? भाभा अणुसंशोधन केंद्रानं बियाण्यांवर किरण सोडले, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, निवडलेल्या वाणांचा संकर केला. विदर्भात उडीद पिकवणाऱ्याला टीएयू-१ हे नाव सांगावं लागत नाही. १९८५ साली आलेला हा वाण मुंबईत ट्रॉम्बेला असलेलं भाभा केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला, त्याच्या नावातला ‘ए’ अकोल्याचा. भुईमुगाचा टीएजी-२४ सुद्धा याच घराण्यातला. या बियाण्यात किरण उरलेले नसतात. एकदा झालेली चूक वाणात कायम राहिली आहे, एवढंच.

गुलाबी बोंडअळीनं २०१७ साली आपल्याकडे कपाशीचे काय हाल केले ते शेतकऱ्यांना आठवत असेल. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या भागात याच किडीवर बीटी कपाशी आणि कामगंधाच्या (नरांना चकवणाऱ्या वासाच्या) जोडीला किरणांचा उपाय वापरला. प्रयोगशाळेत कोट्यवधी पतंग वाढवायचे, त्यांना एवढेच किरण द्यायचे की ते उडतील, जोडीदार शोधतील, पण त्यांच्या बीजपेशींतली गुणसूत्रं मोडलेली असतील, आणि मग ते विमानातून शेतांवर सोडायचे. रानातल्या मादीशी त्यांचं मीलन झालं की अंडी फुटत नाहीत. २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपल्या मुख्य भूमीवरच्या कपाशीतून ही कीड नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडची लहान लहान शेतं आणि वर्षभर शेतात राहणारी पऱ्हाटी पाहता तेच इथे जसंच्या तसं होणार नाही, पण पतंगाला न मारता त्याच्या विभाजणाऱ्या पेशी तेवढ्या निकामी करणं हा विचार मला फार मोठा वाटतो. लासलगावला २००२ पासून कांद्याला साठ ते नव्वद ग्रे देण्याची सोय आहे, तीही याच तत्त्वावर: कोंबाच्या पेशी विभाजायच्या थांबतात, कांदा ताजा राहतो. तो किरणोत्सर्गी होत नाही, म्हणजे स्वतः किरण सोडू लागत नाही.

किरणोत्सर्गी होणं आणि किरण लागणं यांतला गोंधळ रुग्णांच्या घरांत रोज दिसतो. गालाच्या कॅन्सरची लाईट घेणाऱ्या एका आजींनी मला विचारलं होतं, “ताई, घरी गेल्यावर नातीले जवळ घेऊ का नको? आंगात काई राह्यते का थ्या मशीनचं?” घरच्यांनी त्यांचं ताट-वाटी वेगळी केली होती. मी म्हटलं, “काहीच राहत नाही, आजी. मशीन बंद, किरण बंद. आजच मांडीवर घ्या तिला.” मशीनमधून येणारे किरण अंगातून पार जातात किंवा तिथेच संपतात. जवळ राहण्याची भीती असते ती किरण सोडणारा पदार्थच अंगात किंवा अंगावर असेल तेव्हा. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन प्यायलेल्या रुग्णाला म्हणून काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब ठेवतात.

पदार्थ बाहेर पडला तर काय होतं ते ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली दिसलं. बंद पडलेल्या दवाखान्यातलं उपचाराचं यंत्र भंगारात गेलं, आतलं सीझियम-१३७ फोडलं गेलं, अंधारात निळसर चमकणारी ती पूड लोकांनी घरी नेली, अंगाला लावली. चार जण दगावले. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली कोबाल्ट-६० असंच पोचलं आणि एकाचा जीव गेला. भंगारात वजनाला फार जड, शिशाचं, पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं काळं चिन्ह असलेलं काही आढळलं तर ते फोडू नये, लांब व्हावं आणि पोलिसांना कळवावं.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनबद्दल थोडक्यात. यात मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात, आणि एक्स-रे, गॅमा किरणांसाठी एक सिव्हर्ट म्हणजे एक ग्रेच धरायचा. माती, हवा, आकाश आणि आपलं स्वतःचं अंग यांतून जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतात. अंगातल्या पोटॅशियमचा एक बारीक अंश किरणोत्सर्गी असतो, त्यातले चार हजारांवर अणू दर सेकंदाला विघटन पावतात, उपास करा की मिष्टान्न खा. खडकाप्रमाणेही फरक पडतो: वऱ्हाडच्या काळ्या मातीखालच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी, ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांत जास्त. छातीच्या एक्स-रेत ०.१ किंवा त्याहूनही कमी मिलिसिव्हर्ट. पोटाच्या सीटीत दहाच्या आसपास. मोठ्या मात्रेवरून खाली हिशेब लावला तर दहा मिलिसिव्हर्टमुळे दोन हजारांत एखाद्याला पुढे कधी तरी जिवावर बेतणारा कॅन्सर होईल असं धरतात. इतक्या लहान मात्रेला हा हिशेब कितपत लागू पडतो यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. गरज असेल तर सीटी घाबरून टाळू नये, आणि गरज नसताना ‘एकदा काढूनच पाहू’ म्हणून हट्टही धरू नये. पाळी चुकलेली असेल तर एक्स-रेच्या खोलीत शिरण्याआधी बाईनं ते सांगावं. गर्भाचा मेंदू घडण्याचा आठव्या ते पंधराव्या आठवड्यांचा काळ सर्वांत नाजूक असतो.

मशीनवर माझ्याकडे येणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण फार. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. ऐन तिशीतले पोरं येतात. त्यांना एकूण साठ ते सत्तर ग्रे द्यावे लागतात. सबंध अंगाला एकदम चार ग्रेनं माणूस जातो आणि इथे जबड्याला सत्तर? पहिलं कारण, किरण तेवढ्याच जागेवर पडतात, बाकी अंगातला मगज शाबूत राहतो. त्यासाठी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात: प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबली की ती त्याच घाटाची कडक होते, आणि रोज डोकं मिलिमीटरच्या फरकानं त्याच जागी येतं. दुसरं कारण, मात्रा रोज दोन-दोन ग्रे करून देतात, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे.

रोज थोडं देण्यामागे दुरुस्तीची सगळी गोष्ट आहे. निरोगी पेशी पुढच्या दिवसापर्यंत आपले धागे जुळवून घेतात. कॅन्सरच्या पेशींत ही यंत्रणा बहुधा बिघडलेली असते, थांबून दुरुस्त करण्याची शिस्त नसते, म्हणून रोजच्या मारात त्या जास्त मरतात. शिवाय गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजन नसेल तर तेवढंच नुकसान करायला अडीच-तीन पट मात्रा लागते. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन मिळू लागतो आणि दुसऱ्या दिवशीचा मार त्यांना लागू पडतो.

आता एक हिशेब करू. एक ग्रॅमच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. समजा एका दिवसाच्या मात्रेनं निम्म्या मेल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतल्या निम्म्या. असे वीस दिवस झाले की शंभर कोटींतल्या हजारेक उरतात. हजार पेशी हाताला लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, सीटीतही येत नाहीत. रुग्णाला वाटतं, गाठ गेली. पंचवीस दिवसांनी तीस उरतात. तीस दिवसांनी एक. त्या शेवटच्या हजार पेशींसाठीच पुढचे दहा-पंधरा दिवस असतात.

आणि नेमका तोच काळ सर्वांत अवघड असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलतं, कारण तोंडातल्या जुन्या पेशी झडून गेल्या आणि मागून येणाऱ्या नव्या पेशी मेलेल्या असतात. लाळ आटते. भाकर उतरत नाही, तिखट लावता येत नाही. ज्वारीच्या कण्या, गुरगुट्या भात, दही यांवर दिवस काढावे लागतात. गाठ दिसत नाही, तोंड जळतंय, गावाकडे पेरणी किंवा वेचणी आली आहे. माणूस निघून जातो. मला त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. कारण चौथ्या आठवड्याच्या सुमाराला उरलेल्या कॅन्सरच्या पेशी आधीपेक्षा जोरात वाढू लागतात. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एका दिवसानं लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते. वेचणीसाठी दोन आठवडे गेले तर काय होतं, ते आपणच मोजावं.

म्हणून सुरू करण्याआधीच घरात बसून ठरवावं: सात आठवडे शेत कोण बघेल, सोबत कोण राहील. किडलेले दात आधी काढून घ्यावेत, कारण किरण घेतलेल्या जबड्यातून नंतर दात काढला तर जखम न भरता हाड सडू शकतं. त्यानंतर पुढे कधीही दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर लाईट घेतल्याचं आधी सांगावं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रेडिओथेरपी बसते, आणि उपचाराला जाता-येताना रेल्वेत रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालयातून घ्यावा.

एखादा दिवस चुकलाच, मशीन बंद पडलं, पुरानं रस्ता अडला, तर घरी बसून न राहता विभागात फोन करावा. चुकलेला दिवस भरून काढता येतो. शनिवारी बोलावतात, किंवा एकाच दिवशी दोनदा देतात. दोनदा द्यायचं असेल तर मध्ये किमान सहा तास जाऊ द्यावे लागतात. सकाळी आठला एकदा झालं तर दुपारी दोनच्या आधी आम्ही दुसऱ्यांदा देत नाही, मग तुमची दुपारची एसटी चुकत असली तरी. त्या सहा तासांत तुमच्या निरोगी पेशी तुटलेले धागे जोडत असतात.